एकदा चालू करून बघतो

अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, फोन कामाच्या वेळात आला, की मी आधी हातातली रक्ताची बाटली स्टँडमध्ये नीट ठेवते आणि मगच उचलते. कारण कशी आहेस, जेवलीस का, असल्या गोष्टींत ती वेळ घालवत नाही.

"गाडी परत बसली," ती म्हणाली. "आन् तुझे अप्पा जेवंनात."

"अगं, दसऱ्याला नवी बॅटरी घातली होती ना?"

"घातली की. ती बी मेली. तू ये."

माझं टाळकंच सरकलं. नांदेडहून किल्लारी म्हणजे काही शेजारची गल्ली नाही. आधी लातूरची एस.टी. धरायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत कंबर मोडून घ्यायची, मग लातूरला उतरून पुन्हा दुसरी एस.टी. आणि हे सगळं कशासाठी, तर कुठेही न जाणाऱ्या एका जीपसाठी.

खरंच ती कुठे जात नाही. माझे वडील गुरुपादप्पा यांचं किल्लारीत किराणा दुकान होतं. दुकान होतं तोवर ही जुनी डिझेल जीप दर आठवड्याला लातूरच्या गंजगोलाईतून माल आणायची. मग अप्पांचे गुडघे गेले, दुकान बंद झालं, आणि तेव्हापासून जीप अंगणात उभी आहे. तोंड रस्त्याकडे, टाकी भरलेली, चाकांत हवा ठासून, आणि फाटकाला कुलूप कधीच नाही. अप्पांना स्वतःला डॉक्टरकडे लातूरला जायचं असलं, तर ते एस.टी.ने जातात. गाडी दारात आणि मालक थांब्यावर! लोक विचारतात, "अप्पा, गाडी असून एस.टी.नं?" त्यावर अप्पांचं ठरलेलं उत्तर असतं, "गाडी घरी पायजे. काय सांगता येतंय."

किल्लारीत या 'काय सांगता येतंय'चा अर्थ कुणी पुढे विचारत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते आणि माझा धाकटा भाऊ शिवप्रसाद पहिलीत. जुन्या गावात आमचं दगडी भिंतींचं, धाब्याचं घर होतं. त्या पहाटेबद्दल मी फार सांगणार नाही. त्यावर इतकं बोलून झालंय, की आता बोलताना ते आपलं वाटतच नाही. एवढंच सांगते, की उजाडता उजाडता अप्पांनी शिवप्रसादला मातीखालून काढलं आणि तो जिवंत होता. बोलत होता. पाणी मागत होता. गावाच्या कडेला दगडोबा नावाच्या एका गृहस्थाची जीप उघड्यावर उभी होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. अप्पांनी शिवप्रसादला तिच्या मागच्या सीटवर निजवलं. चावी गाडीतच असायची. ती फिरवली. टक्, एवढाच आवाज आला.

ती जीप धक्क्यावर चालू व्हायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रोज सकाळी चार माणसं थट्टामस्करी करत तिला ढकलायची. त्या सकाळी ढकलायला कोण येणार? जो तो आपापल्या घराचे दगड हातांनी उपसत होता. अप्पा हाका मारत राहिले. मी आणि अव्वानं मागून जोर लावला. गाडी हलली, पण इंजिन काही लागलं नाही. बाहेरची वाहनं गावात पोहोचली, तोवर शिवप्रसाद त्याच सीटवर गेला होता.

नव्या गावात घर मिळालं, तेव्हा अप्पांनी आधी जीप घेतली, कपाटं नंतर. आता म्हातारपणी त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. चावी फिरवली की गाडी चालू झाली पाहिजे. झाली की ते जेवतात, झोपतात. नाही झाली की अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि घरात यायला तयार होत नाहीत. मागच्या वेळी असेच बसून राहिले आणि चक्कर येऊन पडले. डोक्याला टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं, बीपी असंच राहिलं आणि झोप अशीच उडाली, तर पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही. म्हणून मी रजा टाकून निघाले. बॅटरी टिकली तर अप्पा टिकतील, अशी सगळी भानगड होती.

मी पोहोचले तेव्हा ते खुर्चीतच होते. कपाळावरची विभूती घामानं पुसट झालेली, डोळे तांबारलेले.

"आलीस? खामखा तकलीफ घेतलीस," ते म्हणाले. "तुझ्या अव्वालाच विचार. तीच दार उघडं ठेवती गाडीचं. आत लाईट जळत राहतो."

आतून अव्वा गरजली, "मी शेंगा वाळत घालती बॉनेटवर! दार कशाला उघडू? शेंगा खायलेत का तुमची बॅटरी?"

गेले काही महिने हा तमाशा असाच चालू होता. आधी अव्वावर आळ. मग उंदरांवर. उंदरांसाठी अप्पांनी बॉनेटखाली डांबरगोळ्या बांधल्या, त्याचा वास आमच्या वरणभातापर्यंत येत होता. मग जीपमधल्या रेडिओवर संशय गेला, तो उपटून काढला. शेजाऱ्यांनी सांगितलं, थंडीनं बॅटरी आखडते, तर तिच्यावर गोधडी घातली. गोधडी! पेशंट म्हणतो, अंगात कमजोरी आहे, सलाईन लावा. कशाची कमजोरी हे कुणी विचारायचं नाही. मी नांदेडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये असल्याच लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे अशा उपायांची मला मनस्वी चीड आहे.

मी विनोदला बोलावून घेतलं. विनोद गाड्यांची वायरिंग आणि बॅटऱ्या बघतो. मूळचा हिमायतनगरचा, बायकोच्या गावी येऊन त्यानं दुकान टाकलं, म्हणून किल्लारीत सगळे त्याला जावई म्हणतात आणि त्याच्या बोलण्याची टर उडवतात. तो आला तोच फुरंगटून.

"ताई, मी काय कमी करून राहिलो का? डायनामो खोलून झाला, सेल्फ खोलून झाला, बॅटरी बदलून झाली. आता गाडीलाच बाधा झाली म्हनायची का?"

"बाधा झाली तर मला कशाला बोलावलं असतं? माझ्यासमोर एकेक बघ."

त्यानं कुरकुरत बघितलं. दुकानातून दुसरी बॅटरी आणून गाडी चालू केली आणि मीटर लावला. डायनामो चांगला भरत होता. मग गाडी बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या वायरीमध्ये मीटर जोडून बसलो. कुठे करंट गळतोय का, ते पाहायला. काटा ढिम्म. अव्वाचा दिवा जळत नव्हता, उंदरांनी काही कुरतडलं नव्हतं. उतरलेली बॅटरी त्यानं याआधीही चार्ज करून दुकानात नुसती ठेवून पाहिली होती. तिथे ती दिवसेंदिवस ताठ राहायची. आमच्या अंगणात आली, की माना टाकायची.

"म्हंजे बॅटरी चांगली, डायनामो चांगला, वायरिंग चांगली," विनोद म्हणाला. "आन् गाडी बंद. सांगा आता."

अव्वानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "ऐकलं का ओ? माझा दिवा बिल्कुल जळत न्हाई म्हनं."

अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं लक्ष विनोदनं बसवलेल्या त्या भरलेल्या बॅटरीकडे होतं. "एकदा चालू करून बघतो," ते म्हणाले. इंजिन तापवायच्या हीटरची खटकी ओढली, थोडं थांबले, सेल्फ मारला. इंजिन धडधडून उठलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण झर्रकन उतरला. मिनिटभरानं त्यांनी गाडी बंद केली, हात धुतले आणि दोन भाकरी खाल्ल्या. लवकरच झोपले.

सकाळी मला जाग आली तीच सेल्फच्या आवाजानं.

मी खिडकीतून पाहिलं. अप्पांची पूजा झाली होती. इष्टलिंग पुन्हा गळ्यात, कपाळावर ताजी विभूती, आणि ओल्या धोतरावरच ते जीपमध्ये बसले होते. इंजिन थोडंसं फिरलं, बंद झालं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"झाली का?" अव्वानं चुलीपासून विचारलं.

"झाली."

हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. इतर घरांत देवाला फूल वाहतात, तसं आमच्याकडे हे. कधी खटकलं नाही, उलट वाटायचं, गाडीची निगा कशी राखावी ते अप्पांकडून शिकावं.

चहा झाला. अप्पा उठले. "एकदा चालू करून बघतो."

"आत्ताच तर केली ना?"

"ते गार होती तवा. आता बघतो."

कारखाना सुरू झाला होता. आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गेला, की खिडकीची तावदानं थरथरायची, मांडणीतले पेले किणकिणायचे. मी पोहे खात होते. पहिली ट्रॉली गेली आणि अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेले. हीटर, सेल्फ, धडधड, बंद. परत आले आणि राहिलेले पोहे खाल्ले. थोड्या वेळानं दुसरी ट्रॉली गेली.

मी पोहे तसेच ठेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या सकाळी अप्पा किती वेळा उठले ते मी मोजलं नाही, मोजवलंच नाही. प्रत्येक वेळी सेल्फचा आवाज जरा जड होत गेला. आधी झटकन उठणारं इंजिन दुपारी कण्हत उठलं. अप्पांनाही ते कळत होतं. आवाज जड झाला की त्यांची काळजी वाढायची, काळजी वाढली की ते पुन्हा बघायला उठायचे.

आमच्याकडे कधी कधी दवाखान्यात बरेच दिवस पडून असलेल्या पेशंटचं रक्त येतं. रोज सकाळ-संध्याकाळ तपासायला काढलेलं. रोगापेक्षा त्या तपासण्यांनीच माणूस पांढरा पडत जातो, आणि पांढरा पडला म्हणून पुन्हा रक्त काढतात. हे मला लॅबमध्ये कळतं. स्वतःच्या बापाच्या अंगणात कळायला इतका वेळ लागला, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी विनोदला पुन्हा बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझी ती खोडच आहे, हळू सांगायचं मला जमत नाही.

"अप्पा, बॅटरी तुम्ही संपवताय."

"मी?"

"गाडी चालू करायला जेवढा करंट लागतो, तेवढा परत भरायला ती बरीच लांब पळावी लागते. तुम्ही मिनिटभर फिरवता आणि बंद करता. प्रत्येक वेळी थोडी रिकामी होते. दुकान होतं तेव्हा लातूरची फेरी व्हायची, म्हणून कधी अडलं नाही. आता नुसतं चालू-बंद, चालू-बंद. त्यात उसाच्या ट्रॉल्या."

अप्पा विनोदकडे वळले. "तूच म्हनला होतास, रोज चालू करत जा म्हनून."

"अप्पा, मी म्हनलो चालू करून फिरवून आना!" विनोद तडकला. "फिरवून! मला काय माहीत, तुम्ही जागेवरच दर्शन घेऊन राहिले."

"फिरवून म्हनला न्हाईस तू."

"म्हनलो."

"न्हाई म्हनला," अव्वानं निकाल दिला. दिवा जळल्याचा आळ टळल्यापासून ती अप्पांच्या बाजूला आली होती.

विनोदनं हात जोडले. "बरं, न्हाई म्हनलो. आता आइका. टर्मिनल काढून ठेवतो. बॅटरी अशीच भरलेली राहील. वेळ आली की वायर जोडायची, पान्यानं एक आटा फिरवायचा, झालं."

अप्पा खुर्चीतून उठले. इतक्या चढ्या आवाजात मी त्यांना बोलताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. "वेळ आली की? त्या वेळेला पाना कोन हुडकंल? अंधारात आटा कोन फिरवंल? तू येशील का?"

विनोदची मान खाली गेली. भूकंप झाला तेव्हा तो या गावचा नव्हता, पण एवढं त्यालाही कळत होतं.

अप्पा पुन्हा बसले. आवाज एकदम खाली आला. "सुकन्या, बघितल्याबिगर कळायचं कसं, सांग की. बघितलं तर ती मरती. न बघितलं तर मला झोप न्हाई. मी काय करू?"

रिपोर्टवर लिहून द्यावं असं काही ते नव्हतं. मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिले. चावीच्या कडेनं उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

शेवटी मी म्हटलं, "पळवायची. आठवड्यातून एकदा लातूरपर्यंत न्यायची आणि आणायची. मग रोज बघायची गरज नाही."

"गाडी तिकडं गेली आन् हिकडं काय झालं तर?"

"हिकडं कोण असणार आहे, अप्पा? तुम्ही गाडीत, अव्वा गाडीत, मी गाडीत. मागे राहतंय कोण?"

अप्पा विचारात पडले. इतकी वर्षं त्यांच्या मनात गाडी म्हणजे घराला सोडवायला उभी असलेली वस्तू होती. घरच गाडीत बसवता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं, खोटं कशाला बोला. ते होय म्हणायच्या आत अव्वा उठली. "मी लुगडं बदलून येते," म्हणाली. म्हणजे ठरलं.

विनोदनं दुकानातून दुसरी भरलेली बॅटरी आणून बसवली. आम्ही तिघं पुढेच बसलो, दाटीवाटीनं. मागे ऐसपैस जागा होती. तिकडे बस असं कुणी कुणाला म्हटलं नाही.

लामजना पाटीपर्यंत अप्पा नुसते खुलले होते. गिअर बदलताना गुडघा दुखायचा तेव्हा तोंड वाकडं करायचे, पण बोलणं थांबत नव्हतं. हे बघ, इथं पूर्वी बाभळीचं बन होतं. हा पूल नवीन हाय. ह्या धाब्यावर एकदा मालाची पोती उतरवून टायर बदललं. चार्जिंगचा काटा उजवीकडे झुकला होता, तो त्यांनी मला दोनदा बोटानं दाखवला. अव्वानं पिशवीतून शेंगा काढल्या, मी सोलून दोघांना देत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. रोग सापडला, औषध सापडलं, आता दर आठवड्याला अशी सहल.

"औशाला चहा घेऊ," मी म्हटलं.

औसा आलं. चहाच्या टपऱ्या गेल्या, एस.टी. स्टँड गेला. अप्पा थांबले नाहीत.

"अप्पा, चहा."

त्यांनी हेडलाईट लावले. लख्ख दुपार होती. गाडीचा वेग वाढला. पुढे उसाची ट्रॉली होती, तिच्यामागे त्यांनी हॉर्न धरला तो सोडलाच नाही. ट्रॉली कडेला झाली, आम्ही पुढे गेलो, समोरून येणाऱ्या टेंपोवाल्यानं शिवी हासडली. अप्पांचं लक्ष नव्हतं. ते स्टिअरिंगवर पुढे झुकले होते आणि मधूनमधून मान किंचित वळवून मागच्या सीटचा कानोसा घेतल्यासारखं करत होते.

"अप्पा, हळू! कुठं जायची घाई आहे आपल्याला?"

अव्वानं माझं मनगट घट्ट धरलं. "बोलू नको," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

तिला माझ्याआधी कळलं होतं. मग मलाही कळलं. मी हातातल्या शेंगा मुठीत धरून समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. लातूर आलं. अप्पांनी गंजगोलाईची वाट धरली नाही, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या गल्लीतही वळले नाहीत. सिग्नलला मोटरसायकलवाले बाजूला होत होते, काहीजण आत डोकावून पाहत होते. अप्पा कुणाला काही न विचारता, एकदाही वाट न चुकता मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरले आणि जिथे अपघाताचे पेशंट उतरवतात, त्या पोर्चमध्ये त्यांनी करकचून ब्रेक मारला.

हॉर्न ऐकून एक वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत पळत बाहेर आला. त्याचं काय चुकलं? भर दुपारी दिवे लावून आलेल्या गाडीत काय असतं, हे त्याला रोजचं होतं. त्यानं जीपचं मागचं दार उघडलं. आत पाहिलं. सीटखालीही वाकून पाहिलं. मग तो पुढे अप्पांच्या बाजूला आला.

"मामा, पेशंट कुठाय?"

अप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. इंजिन चालू होतं, त्याच्या धडधडीनं अप्पांचे खांदेसुद्धा हलत होते.

"आनता आलं न्हाई," ते म्हणाले. "गाडी चालू झाली न्हाई."

वॉर्डबॉयनं त्या चालू गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यभर मी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत आले आहे. कुणाला काय सांगायचं ते मला तोंडपाठ आहे. त्या वेळी मी मुठीतल्या शेंगांकडेच बघत होते. आमच्या मागे एक रिक्षा येऊन थांबली होती आणि तिच्यात कुणीतरी बाई कण्हत होती.

"बरं, मामा," वॉर्डबॉय हळूच म्हणाला. "गाडी तेवढी बाजूला घ्या. मागं पेशंट हाय."

अप्पांनी तत्परतेनं गाडी पुढे घेतली आणि भिंतीच्या कडेला लावली. रिक्षा पोर्चमध्ये गेली. स्ट्रेचर तिकडे वळलं. त्या बाईला आत नेईपर्यंत अप्पा आरशात बघत राहिले. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं होतं.

अव्वा मला ओलांडून खाली उतरली. जीपला वळसा घालून ती अप्पांच्या बाजूला गेली, दार उघडलं, आत हात घातला आणि चावी फिरवून गाडी बंद केली. एकदम सगळं शांत झालं.

"आनलं ना तुमी त्याला," ती म्हणाली. "हितवर आनलं. आता उतरा."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग ते रडले, तोंडावर हातही न घेता, मोठ्यानं, दवाखान्याच्या आवारातल्या सगळ्यांच्या देखत. भूकंपानंतर आजवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरलं नाही. अव्वा दार धरून तशीच उभी राहिली.